हौसाआत्तीचं मेण

"सर्जेराव, खरं सांग. तू मेणाची बाजू घेतोयस का आत्तीची?"

मगदूम मालकांनी हे विचारलं तेव्हा टेबलावर तीन डबे मांडलेले होते, आणि पुण्याहून आलेला कारखानीस नावाचा विक्री-इंजिनिअर बशीत चहा ओतून फुंकत होता. त्याच्या देखत असं विचारायला नको होतं. पण मालकांचा स्वभावच तसा. पोटात एक आणि ओठात एक त्यांना जमायचंच नाही.

"मेणाचीच," मी म्हणालो. "मेणानं आजवर एक तोंड आडकलं न्हाई आपलं."

"आडकलं न्हाई, पण रंग निघतोय त्याचं काय?"

 त्याचं उत्तर माझं आधीच दोनदा देऊन झालं होतं.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मगदुमांचा फायबरचा कारखाना होता आणि मी तिथं सुपरवायझर होतो. आम्ही बसगाड्यांचे पुढचे भाग बनवायचो. काच, दिवे आणि नंबरपाटी जिथं बसते तो सगळा दर्शनी भाग. कारखान्यात त्याला सगळे 'तोंड'च म्हणायचे. "आज किती तोंडं निघाली?" असं आम्ही एकमेकांना सरळ चेहऱ्यानं विचारायचो आणि नवा माणूस बावचळायचा.

तोंड साच्यात तयार होतं. माणूस आत बसेल एवढा खोलगट साचा. त्याला आतून आधी मेण चोळायचं, मग त्यावर रंगीत थर, मग काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन. सगळं सुकून कडक झालं की तोंड साच्यातून अलगद सुटून यायला हवं. मेण नीट लागलं नसेल तर ते साच्याला धरून बसतं. मग तोंडही जातं आणि साचाही. म्हणून त्या सगळ्या कारखान्यात मेण लावण्यासारखं जोखमीचं काम दुसरं नव्हतं, आणि ते काम माझी हौसाआत्ती करायची.

माझ्या वडलांची सख्खी धाकटी बहीण. नवरा गेला तेव्हा ती पंचेचाळिशीची असेल. मीच मालकांच्या मागे लागून तिला चिकटवली होती. चिकटवली म्हणजे काय, शब्दशः पाय धरले होते मी त्यांचे. तेव्हापासून नागावात आमच्या सगळ्या भाऊकीत माझं नाव होतं. आत्तीला सावली दिली म्हणून. वडील तर चारचौघांत सांगायचे, "माझ्या पोरानं माझ्या भणीला वाऱ्यावर सोडली न्हाई." मी वरवर "असू दे हो तात्या" म्हणायचो, पण ऐकायला बरं वाटायचं. कुणाला नाही वाटत?

तर तीन डबे. पहिल्यात आमचं जुनं मेण, पिवळसर, घट्ट, बुटाच्या पॉलिशसारखं. त्याची तक्रार अशी की तोंड सुटून आलं तरी त्याच्या अंगाला थोडं मेण लागून येतं. ते घासून, साबणानं धुऊन काढलं तरी कुठंतरी राहतंच. मग बस बांधणारे त्यावर रंग मारतात आणि दोन महिन्यांत कपाळावरून पापुद्रे निघायला लागतात. त्यांनी निरोप धाडला होता, पुढची खेप अशी आली तर काम दुसऱ्याला देऊ.

दुसऱ्या डब्यात निळं पाणी होतं. ते फवारायचं, त्याचा पातळ पडदा धरतो. मात्र तो पडदा खोलगट जागी गोळा व्हायचा आणि तोंडाच्या हनुवटीला सुरकुत्या पडायच्या. नव्या बसला म्हातारीची हनुवटी कोण घेणार? ते आधीच बाद झालं होतं.

तिसऱ्यात कारखानिसाचं औषध. पाण्यासारखं पातळ, तीव्र वासाचं. आधी साचा अगदी निर्मळ करायचा, मग हे स्वच्छ फडक्यानं नुसतं पुसत जायचं. साच्याच्या अंगालाच ते धरून बसतं, तोंडाला लागत नाही. एकदा लावलं की सात-आठ तोंडं निघतात. त्यामुळे रंगाची तक्रार मिटते.

"आणि मजुरीही वाचते," कारखानीस म्हणाला. "रोज मेण चोळायला जी बाई लागते, तिची गरजच राहत नाही. आठवड्यातून एकदा कुणीही तासाभरात लावून टाकेल."

त्याला काय माहीत ती बाई कुणाची कोण होती. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग तो प्रश्न विचारला.

"एक साचा लावून बघू," शेवटी मालकच म्हणाले. "निघालं तर हे घ्यायचं. न्हाई निघालं तर मेण चालू. मग तुझं ना माझं."

मी शेडमध्ये आलो तेव्हा आत्ती साच्यात बसलेली होती. बाहेरून फक्त डोक्यावरचा पदर दिसायचा आणि आतून फडक्याचा खस-खस आवाज यायचा. मेण चोळायचं गोल गोल, ते पांढुरकं धरलं की घासून काढायचं, साचा आरशासारखा होईपर्यंत. मग पुन्हा दुसरा हात, पुन्हा तिसरा. बांगड्या साच्याला लागू नयेत म्हणून ती मनगटावर चिंधी गुंडाळायची. फडकं तिचं स्वतःचं, जुन्या सुती लुगड्याचं. ते कुणाला हात लावू द्यायची नाही. मेण पिऊन पिऊन ते गोधडीइतकं जड झालं होतं, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे फडकं जेवढं मेण पिईल तेवढा साचा गुणाचा.

मी काठावर हात टेकून तिला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, संध्याकाळपर्यंत कुणीतरी सांगितलंच असतं.

तिचा हात थांबला. "किती बारी लावायचं म्हंतोस ते?"

"एकदा लावलं की आठवडाभर बघायला नको म्हणं."

"आन चोळायचं?"

"चोळायचं न्हाई. पुसायचं."

"नुसतं पुसायचं?"

"नुसतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, भेदरली. दुसरं काय वाटणार? ज्या बाईचं सगळं काम चोळण्याचं, तिला चोळायची गरज नाही म्हटल्यावर पायाखालची जमीन सरकणारच.

"तू काळजी करू नगंस," मी म्हणालो. "मी हाय न्हवं?"

"तू हायसच की बाबा," ती म्हणाली आणि पुन्हा खस-खस सुरू झाली.

ते 'मी हाय न्हवं' मी त्या काळात फार जणांना म्हणायचो. घरात, गल्लीत, कारखान्यात. दिवसाकाठी इतक्यांदा म्हणायचो की घरी जाऊन अंग टाकलं की बायकोकडे पाणी मागायचाही कंटाळा यायचा. पण ते म्हटल्याशिवाय राहवायचंही नाही.

दोन दिवसांनी कारखानीस पुन्हा आला. साचा आप्पालाल मिस्त्रीनं रसायनानं धुऊन धुऊन कोरा करकरीत केला होता. कारखानिसानं बॅगेतून फडक्यांचा गठ्ठा काढला. पांढरीशुभ्र, मऊ, धागा न सुटणारी फडकी. परदेशातून येतात म्हणाला. आत्तीच्या हातात गठ्ठा दिला, थोडा भाग स्वतः पुसून दाखवला आणि त्याचा फोन आला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ गेटपाशीच बोलत राहिला. साचा आत्तीनंच पुसून काढला. हलक्या हातानं पुसण्यात कारखान्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून मालकांनीच तिला बसवलं होतं. मला ते खटकलं. ज्या औषधानं तिचं काम जाणार ते तिच्याच हातानं लावायला लावायचं, हे मला निर्दयपणाचं वाटलं. आत्ती मात्र मुकाट्यानं आत उतरली.

दुसऱ्या दिवशी तोंड काढायला सगळे जमले. आप्पालालनं कडेनं लाकडी पाचरी ठोकल्या. साधारण तिसऱ्या-चौथ्या पाचरीला 'टक्' असा आवाज येतो आणि तोंड श्वास सोडल्यासारखं सैल होतं. तो आवाज आलाच नाही. त्यानं रबरी हातोड्यानं ठोकलं, फटीतून हवा मारली, पाणी सोडलं. मग चौघांनी मिळून ओढलं. कपाळाचा भाग सुटला, पण दिव्यांच्या खोबणीपासून हनुवटीपर्यंत त्यानं साचा असा धरला होता की जणू दोघं एकाच आईची लेकरं. शेवटी आप्पालालनं ग्राइंडर चालवला. तुकडे तुकडे करून तोंड काढलं आणि त्याबरोबर साच्याच्या हनुवटीचा टवकाही आला.

 खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. साच्याचं वाईट वाटत होतंच, पण आतून हायसं वाटत होतं. आत्ती भिंतीशी उभी होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली, सुटलीस म्हणून. तिचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, साच्यासाठी.

कारखानीस वाकून साच्याला नख लावत होता. त्यानं नखाखालचं मालकांना दाखवलं.

"मेण आहे हे. औषधाच्या खाली मेण गेलंय. मग ते धरणार कसं? साचा धुतला होता ना?"

"म्या धुतलाय," आप्पालाल म्हणाला. "माझ्या पोरांची शप्पत."

"मग फडक्यातून आलं," कारखानीस म्हणाला. "मी दिलेली फडकी कुठायत?"

सगळे आत्तीकडे बघायला लागले. मालकांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

"सर्जेराव, आत्तीनं मुद्दाम केलं आसंल तर मी समजू शकतो. पोटाचा प्रश्न आसतो. पण मला खरं कळाय पायजे. तूच विचार. मी विचारलं तर वाईट दिसंल."

दुपारच्या सुट्टीत आत्ती शेडमागं नळाजवळच्या कट्ट्यावर एकटीच बसली होती. डबा उघडलेला नव्हता. मी शेजारी बसलो.

"आत्ती, त्यानं दिलेल्या फडक्यानंच पुसलंस न्हवं?"

तिनं पिशवीत हात घातला आणि घडी केलेली पांढरी फडकी काढून माझ्या मांडीवर ठेवली. एकाही फडक्याला डाग नव्हता.

"कोरं कापड हाय रं ते," ती म्हणाली. "आसं मऊ कापड म्या जल्मात बघितलं न्हवतं. त्येनं घाण पुसायची? हात झाला न्हाई माझा. म्हटलं देवाऱ्यात देवाखाली हातरावं. म्हणून माझ्याच फडक्यानं पुसलं. पण धुऊन आणलं हुतं बघ! सोडा घालून, चुलीवर उकळून, दगडावर आपटून. पांढरं फेक दिसत हुतं. त्यात अजून मेण आसंल आसं कुणाला वाटंल?"

मी कपाळाला हात लावला. मेण प्यालेलं लुगडं एका उकळीनं कुठलं मेण सोडतंय? पण मला हसूही आलं, आणि मुख्य म्हणजे जीव भांड्यात पडला. कपट नव्हतं. सवयीनं झालेली चूक होती. आमच्या घरातली कुठलीही बाई नेमकी हीच करेल.

"जाऊ दे," मी म्हणालो. "मालकास्नी सांगतो, चुकून झालं म्हणून. त्येनी समजून घेतील. साच्याचा टवका आप्पालाल भरंल. आन तुझं काम ऱ्हायलं बघ! आता मेणच चालू."

"न्हाई," आत्ती म्हणाली.

"काय न्हाई?"

"मालकास्नी सांग, परत लावून बघा. ह्या खेपंला त्येच्याच फडक्यानं पुसते."

मला वाटलं तिला समजलंच नाही. "अगं, आत्ती, तोंड नीट निघालं तर तुझं काम जाईल."

"म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय? जाऊ दे की."

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी नव्हतं. मग उजवा हात वर उचलायला लागली. छातीपर्यंत आला आणि तिथं थांबला. तिनं ओठ दाबले, आणखी उचलायचा प्रयत्न केला, पण तो खाली मांडीवर पडला.

"लई दिवस झालं," ती म्हणाली. "डाव्या हातानं ह्येला धरून चोळते. डोस्कं इंचरायचं म्हंजे डाव्याच हातानं. रातचं ह्या कुशीवर निजता येत न्हाई. सकाळी उठलं की वाटतं, आज खांदा गळून साच्यात पडणार."

 राग आला. कुणाचा ते कळलं नाही.

"मग सोडायचंस की! मी काय तुला बांधून घातलं हुतं?"

"बांधून न्हाई घातलंस रं. पण तू लावलीस. मालकाचं पाय धरून लावलीस. सगळ्या गल्लीत सांगत फिरले मी, माझ्या भाच्यानं मला हुभी केली म्हणून. तुझा बा तर आल्यागेल्याला सांगतोय. तीच नोकरी सोडतो म्हणायचं कुठल्या तोंडानं?"

"आगं, पण..."

"आन घरात काय सांगू? माझ्या शिवाची बायकू मागावर कामाला जाती. दिसभर हुभी. पाय सुजून येती आन आल्यावर भाकरी थापती. एका शब्दानं म्हणत न्हाई पोर मला कायबी. तिच्या म्होरं मी हातीपायी धड दिसणारी बाई काम सोडून बसू? हाडाचं दुखणं भाईरनं दिसत न्हाई, सर्जा. मोडला आसता तर पट्टी तरी दिसली आसती."

नळाखाली बादली भरून वाहायला लागली होती. तिनं उठून नळ बंद केला, डाव्या हातानं.

"सोडलं म्हटलं की मान्सं इचारत्यात, का सोडलं. काढलं म्हटलं की कुणी काय इचारत न्हाई," ती म्हणाली. "तू औषधाचं सांगितलंस न्हवं, तवा मला वाटलं, देवानं धाडलं. ह्येच्यात कुणाचा दोष न्हाई. कारखान्याला मेण नगं झालं, बाई नगं झाली. संपलं. रातभर झोप न्हाई आली मला आनंदानं. आन माझ्याच हातानं मीच घाण करून बसले बघ."

आणि मग ती रडली. पंधरा वर्षं एका गल्लीत राहिलो, तिचा नवरा गेला तेव्हाही ती माझ्यासमोर इतकी रडली नव्हती. मी तिला 'मी हाय न्हवं' म्हणणार होतो. ते तोंडातच राहिलं.

मालकांना मी फडक्याचं सांगितलं आणि परत लावून बघा हा आत्तीचा निरोपही दिला. ते आधी मोठ्यानं हसले, मग हळू आवाजात म्हणाले, "देवाऱ्यात हातराय?" टवका भरून साचा पुन्हा धुतला की कारखानिसाला बोलावून आणखी एकदा करून बघायचं ठरलं. ह्या खेपेला तो साच्याच्या काठाशी उभा राहिला, जागचा हलला नाही. आत्तीनं पांढऱ्या फडक्यांनी साचा पुसला. अंगारा लावावा तशी पुसत होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच पाचरीला 'टक्' झालं. दोघांनी तोंड उचललं, तिसऱ्याची गरजही लागली नाही. कपाळ, खोबणी, हनुवटी, सगळं लख्ख. कारखानिसानं त्यावर बोट फिरवून दाखवलं, कोरडं ठक्क. मेणाचा लवलेश नाही. मालक खुशीत होते. त्यांनी पेढे मागवले. आत्ती भिंतीशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जे मी तिच्या पोराच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आणि मग मालकांना भाषण करायची हुक्की आली.

"हौसाबाई, पुढं या," ते म्हणाले. "आरं, ह्या बाईनं काय केलं म्हाईत हाय का तुम्हास्नी? औषध फेल झालं हुतं. गप बसली आसती तर काम ऱ्हायलं आसतं. पण हिनं स्वतः सांगितलं, माझी चूक झाली, परत करा. स्वतःच्या पोटावर पाय दिला, कारखान्यासाठी! अशी मान्सं कुठं मिळत्यात आता? हौसाबाई, मी तुम्हाला शब्द देतो. जवर मगदुमांचा कारखाना हाय तवर तुम्ही हाय. मेण नसंल तर नसू दे. उद्यापासनं तुम्ही पॉलिश-पेपर घासायला बसा."

टाळ्या पडल्या. आप्पालालनं तर शिट्टी मारली.

पॉलिश-पेपर घासणं म्हणजे काय ते सांगतो. तोंड निघालं की त्याच्या कडा आणि पाठ खरखरीत कागदानं घासून गुळगुळीत करायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, खांद्यातून जोर लावून. मेण चोळणं त्यापुढं अंगाई.

आत्तीनं पेढा घेतला. मालकांकडे बघून हसली. काय करणार? भरल्या शेडमध्ये एवढा मान करणाऱ्या माणसाला ती काय सांगणार होती? मग तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मागणं नव्हतं. नुसता थकवा होता. 

मी मालकांच्या मागोमाग केबिनमध्ये गेलो.

"मालक, आत्तीला काढा."

"डोस्कं फिरलं का तुझं? परवापर्यंत तिच्यासाठी मेणाचं गुणगान गात हुतास!"

"वय झालंय तिचं. हात चालत न्हाई. दुसरं कायबी काम देऊ नका, काढाच."

"हात चालत न्हाई तर ती सांगंल की. राजीनामा देऊ दे, मानानं निरोप देतो. हार घालतो."

"ती न्हाई सांगायची. तिला काढायलाच पायजे."

मालक चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना किती कळलं मला माहीत नाही. मग म्हणाले, "आत्ताच सगळ्यांच्या देखत शब्द दिलाय मी. माझ्या तोंडातनं आता ते निघायचं न्हाई. तुझ्या खात्यातली बाई हाय. काढायची तर तू काढ. मी आडवणार न्हाई. पण लोकं तुझ्या तोंडात शेण घालतील बघ."

"घालू देत," मी म्हणालो.

शेडमध्ये अजून पेढेच चालले होते. मी मधोमध जाऊन उभा राहिलो. जन्मात तिला मी एकेरीशिवाय हाक मारली नव्हती.

"हौसाबाई," मी मोठ्यानं म्हणालो, "उद्यापासनं कामावर येऊ नका. तुमचं काम संपलंय. पेपर घासायला मला तरणी मान्सं पायजेत."

आप्पालालच्या हातातला पेढा हातातच राहिला. एक जण म्हणाला, "आवं, मालकांनी तर आत्ताच..." मी त्याच्यावर खेकसलो, "मालकास्नी इचारून आलोय."

आत्ती क्षणभर नुसती बघत राहिली. मग तिला समजलं. आणि मग तिनं तोंड सोडलं. माझा मुडदा बसवला. माझ्या आईच्या दुधाचा उद्धार केला. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरवल्याचा पश्चात्ताप जाहीर केला. ती काय काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं किती सोंग होतं आणि किती इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, मला आजही सांगता यायचं नाही. मला वाटतं, बरंचसं खरंच होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. गेटमधून बाहेर पडेपर्यंत ती बोलत होती.

संध्याकाळी घरी पोचलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. दारात शिवा उभा होता. "दादा, सख्ख्या आत्तीला?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला. बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, पण हातात दिला नाही. आत्ती कारखान्यातून थेट भावाकडे, आमच्याच घरी आली होती; आत सोप्यात बसली होती, भोवती गल्लीतल्या बायका. शिवाची बायकोही मागावरून तशीच इकडं आली होती. सुजल्या पायांनी भिंतीला टेकून उभी होती आणि म्हणत होती, "आसू दे, आत्याबाई. लई राबलासा. आता खुशाल बसा घरात. म्या हाय की." आत्तीनं डोळ्याला पदर लावला.

वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हळूहळू बायका उठून गेल्या. दिवेलागणीची वेळ झाली. आईनं देवापाशी दिवा लावला. मी पायऱ्यांवर बसून होतो, आत जायचा धीर होत नव्हता. थोड्या वेळानं वाकून पाहिलं तर आत्ती भिंतीला टेकूनच झोपली होती. तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना सैल पडलेले. अशी झोपली होती की शेजारी ढोल वाजला असता तरी उठली नसती. उद्या सकाळी तिला कुठंही जायचं नव्हतं.

वडलांनी उठून तिच्या अंगावर घोंगडं घातलं. मग पायऱ्यांपाशी येऊन उभे राहिले.

"रडून रडून झोपली बिचारी," ते म्हणाले. "झालं समाधान तुझं?"

"झालं," मी म्हणालो.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. माझ्या घरात, माझ्या हातचं औषधपाणी घेत. पण माझ्याशी बोललेला तो त्यांचा शेवटचा शब्द.